अंगी न लागणारे कॅल्शियम

आतड्यांच्या जुनाट आजारात मुलांची हाडे मऊ किंवा ठिसूळ होतात. हाडाला लागणारे कॅल्शियम, फॉस्फरस, ‘ड’ जीवनसत्त्व आणि प्रथिने आतड्यातूनच रक्तात जातात, त्यामुळे हा संबंध ऐकायला सरळ वाटतो. प्रत्यक्षात तो उशिरा ध्यानात येतो. पोटाची तक्रार किरकोळ असते, कधी नसतेच. मूल मात्र उंचीने खुंटते, पाय दुखतात म्हणून रात्री उठते, किंवा ओट्यावरून उतरताना पडल्याचे निमित्त होऊन त्याचे मनगट मोडते. मग हाडाला प्लास्टर होते, कॅल्शियमची बाटली लिहून दिली जाते आणि पोटाबद्दल कोणी विचारत नाही.

बीड जिल्ह्यातल्या धारूरसारख्या तालुक्यात हे कोडे आणखी ठळक होते. बालाघाटच्या डोंगररांगेवरचा हा भाग १९ उत्तर अक्षांशाच्या जरा खाली येतो. त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्याजोगे ऊन इथे बाराही महिने असते आणि खेड्यातली मुले दिवसभर घरात कोंडलेली नसतात. ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, तिळाची नाहीतर कारळाची चटणी आणि जमेल तसे ताक असते. अशा मुलाचे पाय फेंगडे झाले, तर कारण बहुधा दोनपैकी एक असते. एक तर ताटातच कॅल्शियम फार कमी आहे, किंवा ताटातले अंगी लागत नाही.

पहिले कारण खेड्यात सर्रास आढळते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात कॅल्शियम जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम, १० ते १२ वर्षांच्या मुलाला ८५० आणि १३ ते १५ वर्षांच्या मुलाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. भाकरीवर ही गरज भागत नाही. दूध ज्या घरात निघते तिथेही ते बहुतेक संकलन केंद्रावर जाते आणि पोरांच्या वाट्याला चहा येतो. नुसत्या उन्हावर भिस्त ठेवता येत नाही ती यामुळेच: आहारात कॅल्शियम फार कमी असले की शरीरातले ‘ड’ जीवनसत्त्वही लवकर खर्ची पडते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली होती.

ताटातली उणीव भरून काढली की बहुतेक मुले सुधारतात. खरा प्रश्न उरतो तो भरून काढूनही न सुधारणाऱ्या मुलांचा. त्यांच्या बाबतीत शोध आतड्याकडे वळवावा लागतो.

हाडातला साठा

शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेला १ टक्का रक्तात आणि पेशींत फिरतो आणि त्याच्यावर हृदयाचा ठोका, स्नायूंचे आखडणे-सैलावणे, मज्जातंतूंचे संदेश अवलंबून असतात. रक्तातली पातळी थोडीही घसरून चालत नाही. गळ्यात, कंठग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठ्या चार परावटू ग्रंथी असतात. पातळी उतरू लागताच त्या एक संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम सुटून रक्तात येते.

मराठवाड्यात पूर्वी धान्य जमिनीतल्या पेवात साठवत. सुगीत पेव भरायचे, टंचाईत उपसायचे. हाड हे शरीराचे पेव आहे. टंचाई असली तरी रोजची चूल पेटलेली दिसते, कारण पेव उपसले जात असते. रक्ततपासणीत कॅल्शियम ‘नॉर्मल’ आले म्हणून निर्धास्त होता येत नाही, ते याचमुळे. हा आकडा चुलीचा असतो; पेवाचा तळ लागला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी परावटू संप्रेरक आणि हाडांच्या उलाढालीबरोबर वाढणारे अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर मोजावे लागते.

मुलांचे प्रकरण मोठ्यांहून वेगळे आहे. मोठ्या माणसाचे पेव खोदून झालेले असते. मुलाचे खोदलेही जात असते आणि भरलेही जात असते. वयात येताना उंची सगळ्यात झपाट्याने वाढते, त्याच्या आगेमागच्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या हाडाचा सुमारे चौथा हिस्सा तयार होतो. मुलींमध्ये ही वर्षे साधारण १२ च्या आसपास, मुलांमध्ये १४ च्या आसपास येतात. विशीपर्यंत जेवढे भरले, बहुतांशी तेवढ्यावरच पुढचे आयुष्य काढायचे असते. आतड्याचा आजार नेमका या दोन वर्षांत बळावला, तर नुकसान मोठे होते. शिवाय कुपोषणामुळे वयात येणेच लांबते, आणि हाडांना मिळणारा लैंगिक संप्रेरकांचा आधारही लांबणीवर पडतो.

बिघाड दोन तऱ्हेने दिसतो. पहिल्या तऱ्हेत हाडाचा प्रथिनांचा सांगाडा तयार होतो, पण त्यात खनिजे बसत नाहीत. हाड मऊ राहते आणि वजनाखाली वाकते. वाढत्या वयात याला मुडदूस म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत सांगाडा आणि खनिज दोन्ही प्रमाणात असतात, पण एकूण हाडच कमी असते. ते वाकत नाही, मोडते. हा हाडांचा विरळपणा. आतड्याच्या आजारात दोन्ही एकाच मुलात सापडू शकतात, म्हणून उपचारही एका गोळीवर भागत नाहीत.

कॅल्शियमचा रस्ता

लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. त्यांच्यामुळे प्रौढ माणसाच्या आतड्याचे शोषण करणारे पृष्ठफळ सुमारे ३० चौरस मीटरपर्यंत जाते. जठराला लागून असलेल्या सुरुवातीच्या टप्प्यात कॅल्शियम शोधून, ओढून आत घेतले जाते. हे काम ‘ड’ जीवनसत्त्वाच्या हुकमाने चालते. त्वचेत तयार झालेले किंवा अन्नातून आलेले ‘ड’ आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून कामाला लागते, आणि आतड्याच्या पेशींना कॅल्शियम वाहून नेणारी प्रथिने बनवायला लावते. ‘ड’ पुरेसे असेल तर अन्नातले ३० ते ४० टक्के कॅल्शियम रक्तात जाते; नसेल तर १० ते १५ टक्केच. म्हणजे तेच पेलाभर दूध एका मुलाच्या अंगी दुसऱ्याच्या तिप्पट लागू शकते.

हा रस्ता तीन ठिकाणी तुटू शकतो. रसांकुर झडले की शोषणाची जागाच कमी होते. दुसरा घात चरबीच्या अपचनातून होतो. ‘ड’ हे ‘अ’, ‘ई’ आणि ‘के’प्रमाणे चरबीत विरघळणारे जीवनसत्त्व आहे. चरबी पचायला पित्तातले क्षार लागतात आणि ते क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा यकृताकडे परततात. तो भाग आजारी असला किंवा शस्त्रक्रियेत काढावा लागला की पित्तक्षार वाया जातात, चरबी न पचता शौचावाटे जाते आणि जाताना ‘ड’ घेऊन जाते. एवढ्यावर थांबत नाही. न पचलेली स्निग्धाम्ले आतड्यातच कॅल्शियमला चिकटून अक्षरशः साबण तयार करतात, आणि साबण झालेले कॅल्शियम शोषले जात नाही. तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारी, भांड्याला धरून राहणारी शौच दिसली तर हा प्रकार चालू असण्याची शक्यता असते.

तिसरा घात आतड्याच्या बाहेर, हाडातच होतो. त्याचे कारण सूज. ते पुढे येईल.

गहू न सोसणारे आतडे

मुलांत हाडांवर परिणाम करणाऱ्या आतड्याच्या आजारांपैकी सीलिअ‍ॅक हा सगळ्यात नीट समजलेला आणि सगळ्यात जास्त सुटून जाणारा आजार आहे. गहू, सातू आणि राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाविरुद्ध शरीराची संरक्षक यंत्रणा उठते आणि त्या भरात स्वतःच्याच रसांकुरांना सपाट करते. याला अ‍ॅलर्जी म्हणण्याची पद्धत आहे, पण हा आजार शरीराने स्वतःवर उलटण्याच्या जातीतला आहे. तो होण्यासाठी विशिष्ट जनुके लागतात. ती साधारण एकतृतीयांश लोकांत असतात, आणि त्यांच्यापैकीही थोड्यांनाच आजार होतो.

गव्हाचा दोष ध्यानात आला तो नेदरलँड्सच्या एका बालरोगतज्ज्ञाच्या निरीक्षणातून. विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धाआधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि बाकीची माणसे खंगत असताना हा आजार असलेली मुले सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० साली पूर्ण झाला.

भारतात या आजाराचा पसारा गव्हाच्या वाटेने जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रौढांवरच्या एका देशव्यापी अभ्यासात उत्तर भारतात १०० पैकी सव्वा माणसाला, ईशान्य भारतात शंभरात एकाहून थोड्या कमी आणि दक्षिणेत हजारात एकाला हा आजार आढळला. जनुके तिन्हीकडे साधारण सारखीच होती. फरक होता तो खाण्यातल्या गव्हाचा. मराठवाड्याचे जुने ताट मालदांडी ज्वारीचे, म्हणजे ग्लूटेन नसलेले. रेशनवर मात्र गहू येतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो २ रुपये किलोने मिळू लागला, २०२३ पासून फुकट मिळतो, आणि ज्वारी बहुधा बाजारभावाने घ्यावी लागते. सकाळी पोळी, चहाबरोबर बिस्किट किंवा खारी, सणाला शेवया असा बदल एका पिढीत झाला. या भागात सीलिअ‍ॅक दुर्मीळ आहे असे गृहीत धरून चालण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

आजाराचा पहिला मार लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर बसतो. कॅल्शियम ओढून घेण्याची जागा तीच आणि लोहाचीही तीच. म्हणून या मुलांत हाडांचा आजार आणि गोळ्यांनी न वाढणारे हिमोग्लोबिन असा जोडीचा पुरावा दिसतो. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर रसांकुरांच्या टोकाला असते. रसांकुर झडले की ते जाते, दुधाने पोट फुगते, आणि घरचे दूध बंद करतात. कॅल्शियमची उरलीसुरली वाटही त्याने बंद होते.

जुलाब, नगाऱ्यासारखे पोट आणि काड्यांसारखे हातपाय हे पुस्तकातले रूप लहान वयात दिसते. मोठ्या मुलांत पोट शांत असूनही उंची खुंटलेली असते, हाडे दुखतात, वयात येणे लांबते. घरी ‘जंत झाले’ म्हणून औषध दिले जाते. जंताचे औषध द्यायला हरकत नाही. ते देऊनही वर्षभर मूल वाढत नसेल तर ‘जंत’ हे उत्तर चुकीचे आहे, एवढे धरून चालावे.

निदान रक्ताच्या तपासणीने सुरू होते. ग्लूटेनच्या आजारात तयार होणारी विशिष्ट प्रतिपिंडे मोजतात आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन पाहतात. या तपासण्या होईपर्यंत गहू बंद करायचा नसतो. आधीच बंद केला तर प्रतिपिंडे उतरतात, आतडे भरून येऊ लागते, आणि आजार असूनही अहवाल कोरा येतो. ‘महिनाभर गहू सोडून बघा’ हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, पण त्याने पुढचा रस्ता अडतो.

उपचार एकच: गहू, सातू, राय आयुष्यभर वर्ज्य. शहरातल्या दुकानात त्यासाठी महागडी पाकिटे मिळतात. धारूरच्या घराला त्यांची गरज नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, राजगिरा, वरई, साबुदाणा आणि सगळ्या डाळी चालतात. आजीच्या काळातले ताट हाच इथे पथ्याचा आहार आहे. अशी सोय जगात फार थोड्या ठिकाणी असते.

अडचण येते ती गिरणीत. गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यात ज्वारी दळली की आधीचे पीठ तिच्यात उतरते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवण्याची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. गव्हाच्या पिठात साधारण ८ टक्के ग्लूटेन धरले, तर एक चमचा, म्हणजे ३ ग्रॅम पिठात सुमारे २४० मिलिग्रॅम ग्लूटेन होते. किलोभर ज्वारीत एवढे मिसळले की मर्यादेच्या बारापट झाले. दळण घरच्या जात्यावर दळणे किंवा स्वतंत्र छोटी चक्की ठेवणे हा खात्रीचा उपाय. तो जमत नसेल तर गिरणीवाल्याशी बोलून, आधी जात्यातून तांदूळ काढून आणि ते पहिले पीठ बाजूला ठेवून मग दळण घेतल्याने भेसळ कमी होते, पण पूर्णपणे जात नाही.

चौकट: गहू कुठे लपतो

पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, टोस्ट आणि पाव सहज ओळखू येतात. बांधणी हिंगात वजन भरायला पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा घालतात. उपवासाशिवायच्या भाजणीत गहू असू शकतो. अंगणवाडीतून मिळणारी तयार पाकिटेही गव्हाची असू शकतात. सोयासॉस आणि काही फरसाणांतही गहू सापडतो. एकाच तव्यावर आधी पोळी आणि मग भाकरी टाकली तरी पीठ लागते. शाळेतला दुपारचा भात चालतो. गव्हाचा पदार्थ ज्या दिवशी असेल त्या दिवशी घरचा डबा लागतो.

सुजेने झिजणारी हाडे

क्रोन आणि व्रणयुक्त बृहदांत्रशोथ या आजारांत आतड्याला दीर्घकाळ सूज राहते. क्रोनमध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटाला; दुसऱ्यात मोठ्या आतड्याच्या अस्तराला. भारतात क्रोनशी हुबेहूब साम्य दाखवणारा आजार म्हणजे आतड्याचा क्षयरोग. तोही लहान आतड्याच्या शेवटावरच बसतो. दोघांचे उपचार उलट असल्यामुळे निदानाला वेळ लागला तरी तो द्यावा लागतो.

या मुलांचे हाड नुसत्या अपचनाने झिजत नाही. हाड जिवंत असते. त्यात जुने हाड खाणाऱ्या आणि नवे हाड घालणाऱ्या पेशी जोडीने काम करतात. सुजलेल्या आतड्यातून रक्तात उतरणारी रसायने, उदाहरणार्थ टीएनएफ, खाणाऱ्या पेशींना चेव आणतात आणि घालणाऱ्यांचा हात आखडता करतात. म्हणून क्रोनच्या मुलात कॅल्शियम आणि ‘ड’ पुरेसे असूनही हाड विरळ सापडते. आजाराचे निदान होण्याच्या दिवशीच, एकही गोळी पोटात जाण्याआधी, हाडांची घनता कमी असू शकते.

त्यात भर पडते स्टेरॉइडची. सूज झपाट्याने उतरवायला प्रेडनिसोलोनसारखी औषधे लागतात, आणि तीच हाड घालणाऱ्या पेशी कमी करतात, आतड्यातले कॅल्शियमचे शोषण घटवतात आणि लघवीवाटे ते जास्त जाऊ देतात. मणक्यांतल्या जाळीदार हाडाला त्याची झळ आधी लागते, आणि पहिल्या काही महिन्यांत सर्वात वेगाने. मणका दबला तरी मूल पाठदुखीची तक्रार करेलच असे नाही. म्हणून दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाच्या कण्याची क्ष-किरण तपासणी दुखण्याची वाट न पाहता करतात. स्टेरॉइड मनाने अचानक बंद करणे मात्र हाडाच्या नुकसानीपेक्षा धोक्याचे आहे, कारण शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड संप्रेरक तोवर झोपलेले असते आणि ते एकदम जागे होत नाही.

क्रोनमध्ये स्टेरॉइडऐवजी सहा ते आठ आठवडे केवळ द्रव पोषक आहारावर ठेवण्याचा एक मार्ग बालरोगतज्ज्ञ वापरतात. आतडे शांत होते आणि हाडांना त्रास होत नाही. मुलाला एवढे दिवस जेवणापासून दूर ठेवणे ही त्यातली खरी कसोटी.

दूध, जुलाब आणि बाकीची कारणे

जुलाबानंतर काही दिवस दूध न पचणे ही तात्पुरती गोष्ट आहे. दूध कायमचे तोडण्याचे कारण नाही. दुधातली साखर एरवीही न सोसणाऱ्या मुलांना दही आणि ताक बहुधा सोसते, कारण विरजणातल्या जिवाणूंनी ती साखर बरीच खाल्लेली असते. कॅल्शियम तेवढेच राहते. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी हा वेगळा, मुख्यतः तान्ह्या मुलांचा आजार आहे आणि त्यात दही-ताकही चालत नाही.

अस्वच्छ पाणी आणि परिसर यांमुळे वारंवार होणाऱ्या संसर्गाने आतड्याचे अस्तर हळूहळू खराब होते, उघड जुलाब नसतानाही. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. त्या खुजेपणामागे ताटाबरोबर आतड्याचाही वाटा असतो. पित्तनलिकेच्या जन्मजात दोषाने काविळलेली बाळे आणि शस्त्रक्रियेने आतड्याचा मोठा भाग काढावा लागलेली मुले संख्येने थोडी असली तरी त्यांच्या हाडांना धोका सर्वाधिक असतो.

आणखी एक गोंधळ पाण्यातून येतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांत त्यानेही गुडघे वाकतात. दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग आणि एकाच बोअरचे पाणी पिणाऱ्या अनेक घरांतली सारखी तक्रार, यावरून ते वेगळे ओळखता येते.

निदानाची पायरी

पहिले साधन यंत्र नाही, उंचीची पट्टी आहे. वर्षात किती सेंटिमीटर वाढले हे अंगणवाडीच्या आणि शाळेच्या नोंदींतून कळते. भारतीय मुलांसाठी ५ ते १८ वर्षांचे वाढीचे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये सुधारून दिले आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत मुडदूस आहे. तालुक्यातून पुढे पाठवायचे झाल्यास अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे जवळचे मोठे ठिकाण.

मुडदुसाचे निदान मनगटाच्या आणि गुडघ्याच्या साध्या क्ष-किरण चित्रात होते. विरळपणा मोजायला डेक्सा नावाची तपासणी लागते आणि ती प्रामुख्याने मोठ्या शहरांत होते. तिचा अहवाल वाचताना दोन चुका होतात. मोठ्यांच्या अहवालातला टी-स्कोअर मुलाला लावायचा नसतो. तो तरुण प्रौढ माणसाशी तुलना करतो. मुलासाठी समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहतात. दुसरे म्हणजे यंत्र हाडाची खोली मोजत नाही. बुटक्या मुलाचे लहान हाड त्याला विरळ भासते. आतड्याच्या आजारातली मुले बुटकी असतातच, म्हणून उंचीचा हिशेब करूनच आकडा वाचावा लागतो. भारतीय मुलांचे संदर्भ आकडे पुण्यातल्या जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी तयार केले आहेत. एवढे करूनही नुसत्या आकड्यावरून मुलाला हाडांच्या ठिसूळपणाचा शिक्का मारत नाहीत. किरकोळ निमित्ताने मणका दबलेला असणे, किंवा घनता कमी असून दहा वर्षांपर्यंत दोन अथवा एकोणिसाव्यापर्यंत तीन लांब हाडे मोडलेली असणे, ही त्याची अट आहे.

उपचारांचा क्रम

आधी आतडे, मग हाड. गळती चालू ठेवून वरून कॅल्शियम ओतत राहिल्याने पेव भरत नाही. सीलिअ‍ॅकमध्ये गहू नीट सुटला की लहान मुलांची हाडांची घनता साधारण वर्षभरात लक्षणीय सुधारते. निदान जितके लवकर, तितकी भरपाई पूर्ण. क्रोनमध्ये सूज ताब्यात आली की हाड पुन्हा घातले जाऊ लागते.

मुडदूस असेल तर ‘ड’ जीवनसत्त्व किमान तीन महिने, दिवसाला किमान २००० आंतरराष्ट्रीय एकके आणि जोडीला अन्नातून किंवा गोळीतून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, अशी २०१६ ची जागतिक तज्ज्ञांची शिफारस आहे. वयानुसार मात्रा वाढते. आतडे शोषत नसेल तर नेहमीच्या दोन-तीन पट मात्रा लागू शकते, आणि ती रक्तातली पातळी मोजतच ठरवायची असते. मोजमाप न करता सहा लाख एककांची इंजेक्शने पुन्हा पुन्हा टोचण्याची रीत घातक आहे. जादा ‘ड’मुळे रक्तात कॅल्शियम साचते, उलट्या आणि बद्धकोष्ठता होते, मूत्रपिंडात खडे होतात. हाडे मोडू लागलेल्या थोड्या मुलांसाठी हाड खाणाऱ्या पेशींना रोखणारी इंजेक्शने असतात. ती तज्ज्ञांच्याच हाती ठेवावीत.

ताटात पेलाभर दूध किंवा वाटीभर दही २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम देते. शेवग्याचा पाला चांगला. तिळात कॅल्शियम भरपूर असते, दोन मोठ्या चमच्यांत १०० मिलिग्रॅमच्या वर, पण सालीतले बरेचसे ऑक्सलेटला बांधलेले असल्याने पूर्ण हाती लागत नाही. पालकाचेही तेच. तिळाची चटणी असावी, तिच्यावर विसंबू नये. प्रथिनांसाठी डाळ आणि अंडे हवे. आणि दुखणे थांबले की हालचाल: उड्या, धावणे, खो-खो. हाड भाराला उत्तर म्हणून जाड होते. अंथरुणाला खिळलेल्या मुलात औषध अर्धेच काम करते. मणका दबलेला असेल तोवर मात्र उड्या बंद.

उसाच्या फडातले सहा महिने

धारूर तालुक्यातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्षभर पाठपुरावा लागणाऱ्या आजाराला हे वेळापत्रक मारक ठरते. बाल स्वास्थ्य पथक शाळेत येते तेव्हा मूल फडावर असते. कोपीत, म्हणजे फडावरच्या खोपटात, स्वतंत्र दळणाची सोय नसते आणि पहाटे निघताना बिस्किटाचा पुडा हाच नाश्ता असतो.

त्यामुळे अशा मुलांच्या भेटी हंगामाभोवती आखाव्या लागतात. निघण्याआधी ऑक्टोबरात उंची, वजन आणि रक्त तपासून सहा महिन्यांची औषधे, लिहून दिलेली मात्रा आणि निदानाचा कागद सोबत द्यावा. परतल्यावर एप्रिलमध्ये पुन्हा तपासावे. सीलिअ‍ॅक असलेल्या मुलाच्या कुटुंबाला फडावर जाताना खात्रीच्या दळणाचे ज्वारीचे पीठ आणि तांदूळ बरोबर नेता येतात, पण पीठ महिन्या-दीड महिन्यात कडवट होते, म्हणून धान्य नेऊन फडाजवळ दळण्याची सोय आधी विचारून ठेवावी लागते. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाची मात्रा उतरवण्याचा काळ शक्यतो घरी असतानाच यावा. प्रतिपिंडे सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने मोजली की पथ्य पाळले जाते आहे की नाही ते कळते, आणि डेक्सा पुन्हा करायची झाल्यास साधारण वर्षाच्या अंतराने करतात. त्याआधी हाडातला फरक यंत्राला दिसण्याएवढा झालेला नसतो.